दहाव्या हिश्शाची बैलगाडी

वस्तूची प्रमाणबद्ध प्रतिकृती दोन तऱ्हांनी तयार होते. एका तऱ्हेत कारखान्यातून आलेले सुटे भाग सूचना वाचून जोडायचे असतात. दुसरीत तयार असे काहीच मिळत नाही. मूळ वस्तू मोजायची, तिचा नकाशा काढायचा, लाकूड निवडून चिरायचे, तासायचे आणि अगदी खिळ्याच्या डोक्यापर्यंत प्रत्येक भाग स्वतः घडवायचा. या मुळापासूनच्या घडवणीला छंदिष्टांच्या जगात स्क्रॅच बिल्डिंग म्हणतात. सोलापूर जिल्ह्यात अशा कामाला साजेसे तीन विषय पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांसमोर राहिले : बाभळीची बैलगाडी, पाय खड्ड्यात सोडून चालवायचा हातमाग आणि बार्शी लाइट रेल्वे. यांतल्या पहिल्या दोन वस्तू गावच्या आणि शहरातल्या सुतारांनी कागदावर एकही रेघ न ओढता घडवल्या. त्या आता वापरातून जवळजवळ गेल्या आहेत आणि त्या घडवणारे हातही विरळ झाले आहेत. म्हणून इथे लहान प्रतिकृतीला छंदापलीकडचे मोल येते. सुताराला जे ठाऊक होते त्याची ती नोंद होऊ शकते. पण दिवाणखान्यात ठेवलेली प्रत्येक सुबक गाडी अशी नोंद नसते, आणि त्यामागचे कारण समजून घ्यायचे तर सुरुवात मापांपासून करावी लागते.

महाराष्ट्रातली मुले दिवाळीत मातीचा किल्ला करतात. मुळापासून घडवलेल्या प्रतिकृतींची याहून मोठी लोकपरंपरा दुसरी नसेल. पण किल्ल्यावर प्रमाण पाळले जात नाही. सिंहासनावरचे महाराज बुरुजाहून उंच असतात आणि मावळा महादरवाजातून आत जाऊ शकत नाही. तिथे ते शोभतेही, कारण महत्त्वाच्या माणसाला मोठे दाखवायचे असते. प्रमाणबद्ध प्रतिकृतीत मात्र चाकापासून खिळीपर्यंत सगळ्या मापांना एकच भाजक लागतो. १:१० हे प्रमाण मेट्रिक पट्टीला सोयीचे, कारण मूळचा सेंटिमीटर प्रतिकृतीत मिलिमीटर होतो. जुन्या सुताराला १:१२ अधिक जवळचे वाटेल. त्याच्या फुटपट्टीवर इंचाचे आठ सूत असतात. १:१२ मध्ये फुटाचा इंच होतो आणि प्रतिकृतीवरचा एक सूत म्हणजे मूळ वस्तूवरचा दीड इंच.

आगगाड्यांची प्रमाणे वेगळ्या हिशोबाने ठरतात, कारण तिथे तयार मिळणारे रूळ आड येतात. बार्शी लाइटच्या दोन रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर होते. जगभर सर्वाधिक चालणाऱ्या १:८७ या प्रमाणात ते ८.७६ मिलिमीटर भरते. बाजारात ९ मिलिमीटरचे रूळ मिळतात. हा पाव मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, म्हणून अरुंद मार्गांच्या प्रतिकृती करणारे बहुतेक जण तो स्वीकारतात. १:४८ मध्ये हेच अंतर १५.९ मिलिमीटर येते आणि जवळचे तयार रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात. तिथे फरक मोठा आहे. काटेकोर माणूस मग रूळही स्वतःच बसवतो.

मापे भागाकाराने लहान होतात, पदार्थाचे गुण होत नाहीत. सागाच्या लाकडात उघड्या डोळ्यांना दिसणारी छिद्रे असतात आणि त्यांची रुंदी पाव मिलिमीटरच्या आसपास भरते. १:१० च्या गाडीत मूळ लाकडाऐवजी सागच वापरला तर त्या छिद्रांचे भासमान माप अडीच मिलिमीटर होते. अशी चाळणीसारखी दांडी खऱ्या गाडीला कोणी लावणार नाही. म्हणून प्रतिकृतीसाठी बारीक आणि एकसारख्या पोताचे लाकूड शोधावे लागते. युरोपात त्यासाठी बॉक्सवूड आणि नासपतीचे लाकूड वापरत. महाराष्ट्राच्या जंगलांत हेदू आणि शिवण ही दोन झाडे या कामाला उत्तम. हेदूचे लाकूड पिवळसर, घट्ट आणि कापताना कड न तुटणारे असते. याच गुणांमुळे कापड गिरण्यांच्या बॉबिनांसाठी आणि कंगव्यांसाठी ते वापरले जाई. शिवण हलके असते आणि हवा बदलली तरी फारसे वाकत-पिळत नाही. बाल्सा हे विमानांच्या प्रतिकृतींचे लाकूड. एनसीसीच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग शिकलेल्यांना ते परिचयाचे असते, पण गाडीच्या चाकाचा मधला ठोकळा कोरायला ते फारच भुसभुशीत आहे.

सुताचे गणित त्याहून अवघड. २० नंबरच्या सुती धाग्याची जाडी साधारण ०.२ मिलिमीटर असते. १:१० च्या मागावर तो धागा ०.०२ मिलिमीटरचा हवा. कापसाच्या एका तंतूची जाडीच जवळपास तेवढी असते. म्हणजे प्रमाण तंतोतंत पाळायचे तर एकेका तंतूचा ताणा लावावा लागेल. अर्थात तसे कोणी करत नाही. ताण्याचे धागे कमी करून खरेच सूत लावतात. हा बदल अपरिहार्य आहे, आणि प्रतिकृतीसोबतच्या टिपणात तो लिहून ठेवला पाहिजे.

सगळ्यांत महत्त्वाचा फरक ताकदीचा. लांबी दहावा हिस्सा झाली की लाकडाचा छेद शंभरावा आणि वजन हजारावा हिस्सा होते. ३०० किलोची गाडी ३०० ग्रॅमची होते. वजन हजारपट घटले, पण ते पेलणारा छेद शंभरपटच घटला. म्हणजे प्रतिकृती आपल्या वजनाच्या मानाने मूळ गाडीच्या दहापट मजबूत ठरते. शिवाय तिच्यावर टनभर ज्वारीची पोती कोणी लादत नाही आणि तिला ओढ्यातून दगडगोट्यांवरून जायचे नसते. त्यामुळे खऱ्या गाडीत चार दिवसांत निखळला असता असा चुकीचा सांधा प्रतिकृतीत शंभर वर्षे टिकतो. भोकात ठोकून बसवायचे टोक, म्हणजे कूस, नसताना नुसत्या डिंकावर चिकटवलेला चाकाचा आरा बाहेरून अगदी खरा दिसतो. खरी गाडी सुताराची परीक्षा रोज घेते. प्रतिकृती ती घेत नाही, म्हणून ती जबाबदारी करणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर येते. नोंद आणि शोभेची वस्तू यांच्यातली सीमा इथेच आहे.

हे नीट दिसते ते चाकात. दख्खनच्या गाडीचे चाक सव्वा ते दीड मीटर व्यासाचे. मध्ये लाकडी ठोकळा असतो, त्याला तुंबा म्हणतात. तुंब्यात बारा आरे ठोकलेले असतात. आऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर लाकडी कडे असते. ते सहा बाकदार तुकड्यांचे, म्हणजे पुठ्यांचे. प्रत्येक पुठ्यात दोन आरे शिरतात आणि या सगळ्याला बाहेरून आवळून धरते ती लोखंडी धाव.

पुठे सहाच का, याचे उत्तर भूमितीत आहे आणि लाकडाच्या रेषांतही आहे. वर्तुळाच्या परिघावर त्याच्याच त्रिज्येची पावले टाकली तर ती बरोबर सहा पडतात. कोनमापकाशिवाय, नुसत्या दोरीने किंवा पट्टीने चाकाचे सहा समान भाग करता येतात. त्रिज्या ७० सेंटिमीटर असेल तर प्रत्येक पुठ्याची आतल्या सरळ रेषेत मोजलेली लांबीही ७० सेंटिमीटरच येते आणि त्याचा बाक सुमारे साडेनऊ सेंटिमीटर. एवढा बाक नैसर्गिकरीत्या थोड्या वाकलेल्या फांदीत सापडतो. मग लाकडाच्या रेषा पुठ्याच्या वळणाबरोबर वळतात आणि पुठा चिरफळत नाही. तीनच पुठे करायचे म्हटले तर बाक ३५ सेंटिमीटरांवर जातो. तेवढी रुंद फळी मिळाली तरी तिच्या टोकांना रेषा आडव्या तुटतात आणि पहिल्या धक्क्याला तिथेच भेग जाते. बाभळीच्या वाकड्या फांद्या बघून त्यांतले पुठे ओळखणे हे सुताराचे पहिले कौशल्य. ते झाड उभे असतानाच सुरू होई.

लाकडाची निवडही ठरलेली होती. सोलापूरच्या कोरड्या काळ्या मातीत बाभूळ भरपूर. ती जड, कठीण आणि चिवट, म्हणून तुंबा, आरे, पुठे तिचे. बाभळीच्या बाहेरच्या पांढुरक्या भागाला कीड लवकर लागते. त्यामुळे ओंडके काही महिने पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवत. जिथे तिवस मिळे तिथे चाकाला तेही चाले. दांड्यांसाठी धामण पसंत केली जाई, कारण ती वाकते आणि पुन्हा सरळ होते.

तुंब्याला बारा भोके पटाशीने पाडायची. दोन आऱ्यांमध्ये ३० अंशांचा कोन. आऱ्याच्या टोकाला कूस काढायची, ती भोकापेक्षा किंचित जाड ठेवायची आणि घणाने आत ठोकायची. लाकूड दाबले जाऊन भोक गच्च भरते. इथे डिंक वापरत नाहीत. कूस फार जाड राहिली तर तुंबा फाटतो, बारीक झाली तर आरा हलतो. हा फरक मोजपट्टीने कळत नाही. ठोकताना आवाज बदलत जातो आणि कूस तळाला टेकली की तो बद्द येतो. पुठे बसवतानाही दोन पुठ्यांच्या टोकांत मुद्दाम बारीक फट ठेवतात. नवख्याला ही फट म्हणजे निष्काळजीपणा वाटेल. तिचे काम धाव चढवताना कळते.

धाव चाकाच्या घेरापेक्षा थोडी आखूड ठेवलेली असते. गोवऱ्यांच्या आणि लाकडाच्या जाळात ती लाल करतात. लोखंड एका अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांश इतके वाढते. १.४ मीटर व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे ४.४ मीटर. तापमान ५०० अंशांनी चढले की धाव २६ मिलिमीटर लांब होते. तेवढ्यात ती चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची, ठोकायची आणि लाकूड पेट घेण्याआधी पाणी ओतायचे. थंड होताना धाव आवळते, पुठ्यांमधल्या फटी मिटतात, आरे तुंब्यात आणखी खोल जातात आणि अठरा-वीस सुटे तुकडे एकजीव होतात. फटी नसत्या तर पुठे एकमेकांना भिडून थांबले असते आणि आऱ्यांवर दाब आलाच नसता. हे काम सुतार आणि लोहार दोघे मिळून करत. पुढे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की लाकूड सुकून आकसते आणि चाक खुळखुळू लागते. मग गाडीवान चाके ओढ्यात किंवा डोहात भिजत ठेवी. लाकूड फुगले की चाक पुन्हा घट्ट होई.

आता हेच चाक प्रतिकृतीत कसे केले जाते ते पाहावे. सोपा मार्ग म्हणजे चपट्या फळीतून तुंबा, आरे, कडे सगळे सलग कापून काढायचे. लेसर यंत्र हे दोन मिनिटांत करते. दिसायला चाक बिनचूक. पण फळीतल्या रेषा एकाच दिशेने जातात. बारापैकी समोरासमोरचे दोनच आरे रेषांच्या दिशेत येतात. दोन पूर्ण आडवे पडतात आणि ते बोटाच्या दाबानेही मोडतात. उरलेले आठ तिरके. अशा चाकातून भावी वाचकाला गाडीचा आकार कळेल, गाडी कशी उभी राहत असे ते कळणार नाही. उलट चौदा सेंटिमीटरच्या चाकात खरोखर बारा भोके पाडून, बारा आरे रेषांच्या दिशेत फाडून, कूस ठोकून बसवले आणि सहा पुठे वेगळे घडवले, तर त्या चाकात पूर्ण कारागिरी उतरते. धाव मात्र इथेही शरण जाते. पातळ पट्टी चिमट्यात धरेपर्यंत थंड होते आणि चार-पाच मिलिमीटरचे लाकूड ती जाळून टाकते. म्हणून प्रतिकृतीची धाव गार असतानाच बेताची आखूड करून दाबून बसवतात.

लेसरच्या सोयीवर दोष ठेवण्यात अर्थ नाही. प्रतिकृती मूळ कारागिरीपासून तुटली याची कारणे खूप आधीची आहेत. बारा बलुतेदारांत सुताराचे स्थान वरचे होते. नांगर, कुळव, पाभर, मोटेचा सांगाडा, गाडी, घराची तुळई ही सगळी त्याची कामे. सुगीला प्रत्येक शेतकरी त्याला धान्याचे बलुते देई. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या पुस्तकात ही व्यवस्था तिच्या दोषांसकट सापडते. तिने सुताराला गावाशी आणि जातीशी बांधून ठेवले. तो मोबदल्याबाबत घासाघीस करू शकत नसे आणि दुसऱ्या घरच्या मुलाला हे शिक्षण मिळत नसे. पण त्याच व्यवस्थेमुळे बाप, मुलगा आणि नातू एकाच गावच्या त्याच गाड्या दुरुस्त करत राहिले. आपण घडवलेली वस्तू वीस वर्षांनी कुठे झिजते आणि कुठे मोडते हे पाहायला मिळणे ही कारागिराची खरी शाळा असते.

पहिला मोठा बदल नांगराने आणला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला कारखाना उभा राहिला. शेतकऱ्याचे भले झाले, जमीन खोल नांगरली जाऊ लागली. पण नांगराची दुरुस्ती गावाबाहेर गेली. विहिरीवर इंजिन आणि पुढे विजेचा पंप आल्यावर मोट गेली. ट्रॅक्टरने कुळव-पाभरीचे काम घेतले. बैलगाडी उरली ती मुख्यतः ऊसतोडीसाठी. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात हंगामात आजही ऊसगाड्या दिसतात, पण त्या टायरगाड्या. लोखंडी आख, बेअरिंग, रबरी चाके आणि वर लोखंडी सांगाडा. तिला वेल्डर लागतो, सुतार लागत नाही. बैलांच्या खांद्यावरचा भार या बदलाने हलका केला हेही खरे.

शहरात सुतारकाम संपले नाही, पण त्याचे रूप पालटले, आणि ते का पालटले याचे उत्तर प्लायवुडमध्ये आहे. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. लांबीत हा बदल नगण्य असतो, रुंदीत मोठा. ओला साग पूर्ण वाळेपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेत सुमारे ५ टक्के आणि वलयांना आडव्या दिशेत त्याच्या निम्मा आकसतो. जुन्या दाराची चौकट आणि आतली फळी यांचे नाते याच गणितावर बेतलेले असते. फळी चौकटीच्या खाचेत सैल बसवलेली असते, तिला फुगायला जागा ठेवलेली असते. सालकुसूचा सांधा, खाचेत सरकणारी फळी, लाकडी खुंटी ही सगळी लाकडाच्या या हालचालीला शोधलेली उत्तरे आहेत. प्लायवुडमध्ये पातळ पापुद्रे एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात, त्यामुळे ते फारसे फुगतही नाही आणि आकसतही नाही. प्रश्नच मिटला, मग उत्तरे कोण शिकणार? १९५९ मध्ये बाजारात आलेले फेविकॉल, स्क्रू आणि सनमायका यांनी काम वेगवान केले. आजचा कुशल फर्निचर कारागीर एका दिवसात जे उभे करतो ते जुन्या सुताराला आठवडाभरात जमले नसते. पण लाकडाच्या रेषा वाचण्याची सवय त्याच्या कामातून निघून गेली.

औपचारिक शिक्षणाने ही पोकळी भरली नाही. १९५० पासून आयटीआयमध्ये सुतारकामाचा अभ्यासक्रम आहे. तो एक वर्षाचा आहे आणि त्याचा रोख नोकरीकडे आहे, तो असायलाच हवा. वाकसाने तासणे, दुसऱ्याने दोरी ओढायची आणि आपण भोक पाडायचे असा सामता चालवणे, तुंब्याची भोके पाडणे हे शिकवून कुणाला पगार मिळणार नाही. मुलांना लहान वयात हाताचे काम मिळावे म्हणून गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत मांडलेली नई तालीम हस्तोद्योगावर उभी होती. स्वीडनमध्ये ऑटो सालोमोन यांनी एकोणिसाव्या शतकातच शाळेत लाकूडकाम हे सर्वसाधारण शिक्षणाचा भाग म्हणून रुजवले होते, सुतार तयार करण्यासाठी नव्हे. महाराष्ट्रातल्या शाळांत हा विचार मूळ धरू शकला नाही, ही मोठी हानी आहे. आजच्या शाळकरी प्रकल्पात थर्माकोलची जागा २०१८ च्या बंदीनंतर पुठ्ठ्याने घेतली, पण लाकूड परत आले नाही.

हातमागाची कथा जवळपास अशीच, पण तिच्यात एक जास्तीचा धागा आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी सोलापूरला मागाचे शहर केले. घरात तेलुगूत ज्याला मग्गम म्हणत तो माग खड्ड्यावर मांडलेला असे. विणकर जमिनीच्या पातळीवर बसून पाय खाली पावड्यांवर ठेवी. हात्या, फणी, धोटा, कापड गुंडाळायची तूर या भागांत लाकडाचे काम फार नाजूक. धोटा ताण्याच्या धाग्यांवरून धावतो, त्याला एक जरी कुसळ निघाले तरी धागे तुटतात. हात्या प्रत्येक फेकीला ठोका मारतो, त्याचे वजन कमी-जास्त झाले की कापडाचा पोत बदलतो. मागाची दुरुस्ती करणाऱ्या सुताराला म्हणून विणकामही कळावे लागे. पुढे यंत्रमाग आले. चादर आणि टॉवेलांमुळे शहराचे नाव देशभर झाले, पण यंत्रमाग ओतीव लोखंडाचा. लाकडी मागाबरोबर मागाचा सुतारही बाजूला पडला. १:१० च्या मागावर धागे कमी करावे लागले तरी हात्याची लटकण, पावडीची दोरी आणि फणीची जागा खरी ठेवली तर माग चालतो आणि बोटभर रुंदीचे कापड विणून दाखवतो. चालणारी प्रतिकृती स्वतःची परीक्षा स्वतः देते, हा मागाचा गाडीवरचा मोठा फायदा.

बार्शी लाइट रेल्वेचे प्रकरण वेगळे. ती स्थानिक सुतारांची निर्मिती नव्हे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने आखलेला हा मार्ग १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी असा सुरू झाला. १९०६ मध्ये तो पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचला. इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही हे कॅलथ्रॉपचे सूत्र होते. त्यामुळे हलके रूळ पुरले. १९५४ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. २००० नंतरच्या दशकभरात मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून पोलादी डबे बनू लागेपर्यंत भारतीय रेल्वेच्या प्रवासी डब्यांत लाकडी बांधणीचीच चलती होती. खिडकीच्या झडपा, बाकांच्या पट्ट्या, दारांच्या चौकटी यांसाठी रेल्वेच्या कार्यशाळांत कसलेले सुतार असत.

याच कॅलथ्रॉपने इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची तेवढ्याच रुंदीची रेल्वे बांधली. ती १९०४ मध्ये सुरू झाली, १९३४ मध्ये बंद पडली आणि तिच्यावर बार्शीची छाप उघड होती. तीस वर्षे चाललेल्या त्या छोट्या रेल्वेच्या प्रतिकृती तिथले छंदिष्ट आजही करतात. सुमारे शतकभर पंढरीच्या वारकऱ्यांना वाहून नेणारी तिची थोरली बहीण तेवढ्याच आस्थेला पात्र आहे. महाराष्ट्रात हा छंद पुण्यात पाहायला मिळतो. कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. हलत्या गाड्या, सिग्नल आणि वसलेले शहर यांचा तिथला मेळ पाहिला की प्रतिकृतीत किती शास्त्र सामावते ते कळते.

प्रतिकृती आणि कारागिरी यांची फारकत सगळीकडे झालेली नाही. फ्रान्समध्ये कंपान्यों या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कारागीर संघांत शिकाऊ सुताराला पूर्ण कारागीर म्हणून मान्यता मिळवायची तर एक अवघड प्रतिकृती घडवावी लागते. सहसा ती छपराच्या सांगाड्याची किंवा वळणदार जिन्याची असते आणि तिच्यातला प्रत्येक सांधा खरा असतो. तूर शहरात १९६८ पासून अशा कामांचे संग्रहालय आहे. ही परंपरा २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. उलट बाजूचे उदाहरण इंग्लंडच्या आरमाराचे. सतराव्या शतकापासून तिथे १:४८ च्या सुंदर जहाज-प्रतिकृती होत. सांगाडा दिसावा म्हणून त्यांचा खालचा भाग फळ्यांविना उघडा ठेवत. पण तो सांगाडा ठरावीक शैलीत बसवलेला असे, खऱ्या जहाजाची फासळ्यांची रचना वेगळी असे. त्यामुळे जहाजाचा आकार या प्रतिकृतींवरून नेमका कळतो आणि बांधणी कळत नाही. साडेतीनशे वर्षांनंतर अभ्यासकांना ही उणीव जाणवते.

सोलापुरात आज एखाद्या गाडीची किंवा मागाची नोंद म्हणून प्रतिकृती करायची तर कामाचा क्रम यावरून ठरतो. वस्तू मोजताना झिजलेल्या जागा आणि नंतरच्या डागडुजीच्या पट्ट्या वेगळ्या लिहायच्या. प्रत्येक भागाचे स्थानिक नाव, तेलुगू किंवा कानडी असले तरी, जसेच्या तसे टिपायचे. लाकूड ओळखून लिहायचे, कारण प्रतिकृतीत ते बदललेले असणार. शक्य असेल तर गाडी सोडवून सांधे आतून पाहायचे आणि हयात असलेल्या एखाद्या सुताराकडून काय आधी बसते व काय नंतर, हे विचारून घ्यायचे. हा क्रम तयार वस्तूवर कुठेच लिहिलेला नसतो. मग सांधे मूळच्या रीतीने कापायचे आणि निदान एक जागा उघडी ठेवायची : एका चाकाची धाव काढलेली, एक पुठा सुटा, म्हणजे आतली कूस दिसेल. त्रिमितीय छपाई आणि लेसर यांचा इथेही उपयोग आहे, पण तो लोखंडी कड्या, खिळे आणि आखणीच्या फर्म्यांसाठी.

तयार प्रतिकृतीला सोलापूरची हवा सोसावी लागते. मे महिन्यातला कोरडेपणा आणि ऑगस्टमधला ओलावा यांच्यात पातळ लाकूड सर्वांत आधी वाकते. काम सुरू करण्यापूर्वी लाकूड त्याच खोलीत वर्षभर ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. वरून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्या लाखेचे पातळ पॉलिश पुरते, जाड वार्निश बारीक सांधे भरून टाकते. बाभळीचा पांढुरका भाग वापरायचा नाही, नाहीतर दोन वर्षांत पिठासारखा भुसा पडू लागतो. काचेच्या पेटीला हवा खेळायला बारीक वाट ठेवायची, पेटी खिडकीच्या उन्हात ठेवायची नाही आणि मोजमापांची वही त्याच पेटीखालच्या कप्प्यात ठेवायची, कारण कागद आणि लाकूड वेगळे झाले की दोन्हींचा अर्थ लावणे अवघड होते.